शहराचं नाव बदललं आणि मी यूआरएल बदलून बसलो

एसईओ, म्हणजे गूगलच्या शोधात साइट वर आणायचं काम, नव्यानं शिकणाऱ्यांसाठी हे लिहितोय. टायटल, मेटा डिस्क्रिप्शन (शोधाच्या निकालात दिसणारं वर्णन), हेडिंग, इंटर्नल लिंक (साइटच्या आतल्या लिंक) एवढं तुम्हाला येतं असं धरून चालतो. येत नसेल तर आठ दिवसांत येईल, त्यात जादू नाही. ज्या एका चुकीनं माझी झोप उडवली ती मात्र कुठल्याच क्लासात शिकवली नव्हती. म्हणून ती जरा पाल्हाळ लावून सांगणार आहे.

मी गंगाखेडकडचा. मराठी माध्यम, बी.कॉम. २०२१ मध्ये औरंगाबाद शहरात (आताचं छत्रपती संभाजीनगर) आलो, टीव्ही सेंटरजवळ तिघांत एक खोली. डिजिटल मार्केटिंगच्या क्लासची फी अठ्ठावीस हजार. वडिलांनी सोयाबीनच्या पट्टीतून दिली, एक शब्द न बोलता. त्या क्लासात आम्हाला मेटा कीवर्ड टॅग, म्हणजे पानाच्या कोडमध्ये लपवून लिहायची शोधशब्दांची यादी, तीन दिवस शिकवला. रँकिंगसाठी तो टॅग आम्ही वापरत नाही, हे गूगलनं २००९ मध्येच जाहीर केलंय! हे मला नोकरी लागल्यावर कळलं. तेव्हापासून फीचा आकडा मोठा असलेल्या गुरूंबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. नवीन पोरांनी फोन केला की मी गूगलची स्वतःची कागदपत्रं वाचायला सांगतो. फुकट आहेत. इंग्रजी अडतं, मान्य. मला एकेक पान चौथ्यांदा वाचल्यावर कळायचं. पण कळायचं.

पहिली नोकरी एका छोट्या एजन्सीत, सहा हजारांवर. माझ्याकडे एक टॅक्सीवाल्यांची साइट आली. मालक साठीचे, आम्ही काका म्हणायचो. सहा गाड्या. अजिंठा, वेरूळ, शिर्डी, शनिशिंगणापूर, लोणार. साइट साधी होती पण चालायची, आणि का चालायची हे समजून घेण्यासारखं आहे. काकांना विचारून विचारून मी पानांवर लिहिलं होतं की अजिंठा सोमवारी बंद असतं, वेरूळ मंगळवारी बंद असतं, त्यामुळं दोन दिवसांचा बेत असेल तर सोम-मंगळ धरू नका. अजिंठ्याला आपली गाडी थेट लेण्यांपर्यंत जात नाही, फर्दापूरच्या टी-पॉइंटला लावून पुढं तिथल्या बसनं जावं लागतं. ज्याला उद्या निघायचंय त्याला हेच हवं असतं. बाकीच्या टॅक्सीवाल्यांच्या साइटवर नुसतं ‘उत्तम सेवा, वाजवी दर’. कंटेंट म्हणजे काय असं कुणी विचारलं तर मी अजून हेच उदाहरण देतो. ज्याच्या हातात स्टिअरिंग आहे त्याला विचारा आणि तो सांगेल ते लिहा.

तर २४ फेब्रुवारी २०२३. शुक्रवार. केंद्रानं नावाला मंजुरी दिल्याची बातमी आली, औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव. सोमवारी ऑफिसात साहेब म्हणाले, “नव्या नावावर पहिला नंबर आपला लागला पाहिजे. सगळीकडं बदलून टाक.”

मी बदललं. सगळीकडं. साइट वर्डप्रेसवर, म्हणजे साइट बनवायच्या सॉफ्टवेअरवर होती. मी डेटाबेस उघडला आणि फाइंड-रिप्लेस चालवलं. देवनागरीतलं औरंगाबाद, इंग्रजी अक्षरांतलं औरंगाबाद, मजकुरातलं, टायटलमधलं आणि स्लगमधलंही (स्लग म्हणजे पानाच्या पत्त्याचा शेवटचा भाग). अर्ध्या तासात काम झालं म्हणून चहाला गेलो.

काही गंमती त्याच दिवशी दिसल्या. एका पानावर मी लिहिलेलं वाक्य होतं, ‘औरंगाबादचं नाव आता छत्रपती संभाजीनगर झालंय’. ते झालं ‘छत्रपती संभाजीनगरचं नाव आता छत्रपती संभाजीनगर झालंय’. फोटोंच्या फायलींची नावं सर्व्हरवर जुनीच होती आणि पानांतले पत्ते नवे झाले, त्यामुळं फोटो गायब. ऑफिसात हसलो, फोटो दुरुस्त केले. खरी चूक दिसलीच नाही.

खरी चूक अशी. आपल्याला वाटतं पान म्हणजे त्यातला मजकूर. गूगलसाठी पान म्हणजे आधी त्याचा पत्ता, म्हणजे यूआरएल. काकांच्या पानांना तीन-चार वर्षांत कुणी-कुणी लिंक दिल्या होत्या. कुठल्या हॉटेलनं, कुठल्या परदेशी प्रवाशानं. लोक शोधून तिथं यायचे. ती सगळी पुण्याई जुन्या पत्त्यावर जमा होती. आपल्याकडं जमीन घेतली की फेरफार नोंदवावा लागतो, नाहीतर सातबाऱ्यावर जुन्याच मालकाचं नाव राहतं. यूआरएलचा फेरफार म्हणजे ३०१ रीडायरेक्ट. जुना पत्ता मागितला की सर्व्हरनं सांगायचं, हे पान कायमचं इकडं गेलंय. मी फेरफार न करताच शेत विकल्यासारखं केलं. जुन्या पत्त्यांवर ४०४, म्हणजे ‘पान सापडलं नाही’, आणि नवे पत्ते गूगलच्या लेखी काल जन्मलेले.

इथं एक बारीक गोष्ट, जिच्यामुळं मी गाफील राहिलो. वर्डप्रेसच्या एडिटरमध्ये जाऊन एखाद्या पोस्टचा स्लग हातानं बदलला तर वर्डप्रेस जुना स्लग लक्षात ठेवतं आणि आपोआप वळवतं. हे मी आधी एकदा पाहिलेलं, म्हणून डोक्यात पक्कं बसलेलं की ‘ते होतं आपोआप’. पण ते पोस्टपुरतं (बातमी-ब्लॉगसारखा लेख) आहे, पेजला (साइटचं कायमचं पान) लागू नाही. आणि थेट डेटाबेसमध्ये बदल केला तर पोस्टलाही लागू नाही, कारण वर्डप्रेसला काही घडल्याचं कळतच नाही. आमची सगळी टॅक्सीच्या मार्गांची पानं पेज होती, बदल डेटाबेसमधून. दोन्हीकडून गेलो.

पहिला आठवडा काहीच झालं नाही. गूगल सगळी पानं एका दिवसात परत बघत नाही, हळूहळू येतं. दुसऱ्या आठवड्यापासून क्लिक उतरायला लागले. आम्ही म्हणालो, उन्हाळा लागला, सीझन संपला. हे वाक्य मी स्वतः काकांना फोनवर सांगितलं, त्याची अजून लाज वाटते. काका म्हणाले, “उन्हाळा दरसाली येतोय की रं. फोन वाजंनाच झालाय.” सर्च कन्सोल, म्हणजे गूगलच्या शोधातून साइटवर किती लोक आले ते दाखवणारं गूगलचंच साधन, सोळा महिन्यांचा डेटा ठेवतं. मागच्या वर्षीचा तोच आठवडा शेजारी लावून बघायला मला दोन मिनिटं लागली असती. मी मागच्या महिन्याशी तुलना करत बसलो. मागच्या मार्चमध्ये दिवसाला दहा-बारा फोन, या मार्चमध्ये एखाद-दुसरा. तुम्ही हंगामी धंद्याची साइट बघत असाल, आणि मराठवाड्यात लग्न, शेती, शाळा-क्लास म्हटलं की सगळंच हंगामी, तर वर्षाशी वर्ष लावा. महिन्याशी महिना लावाल तर फसाल.

मग ४०४ दिसले आणि मी घाबरून दुसरी चूक केली. एक प्लगइन टाकलं जे प्रत्येक ४०४ थेट होमपेजवर पाठवतं. दोन दिवसांत एरर शून्य! साहेब खूश. क्लिक आणखी खाली. माणूस शोधतोय अजिंठा टॅक्सीचे दर आणि पोचतोय होमपेजवर, तर गूगल त्याला पत्ताबदल मानत नाही, सॉफ्ट ४०४ म्हणून सोडून देतं. म्हणजे पान नाहीच असं धरतं, फक्त आपल्याला लाल रंग दिसायचा बंद होतो. कुणी तुम्हाला हा उपाय सांगितला तर हात जोडा आणि उठा.

दुरुस्ती कशी केली ते सांगतो, कारण ती कंटाळवाणी आहे आणि कुणी नीट सांगत नाही. आधी जुन्या पत्त्यांची यादी जमवली. सर्च कन्सोलच्या परफॉर्मन्समधून पानांची यादी उतरवली, तिथं एका वेळी हजार ओळी मिळतात, आम्हाला पुरल्या. होस्टिंगवाल्याकडून सर्व्हरचे लॉग, म्हणजे कुठल्या पत्त्यावर कोण आलं याची नोंद, घेतले. वेबॅक मशीनवर, म्हणजे जुन्या साइटच्या प्रती साठवणाऱ्या साइटवर, जुना साइटमॅप (सगळ्या पानांची यादी) सापडला. सगळं एक्सेलमध्ये, डाव्या रकान्यात जुना पत्ता, उजव्या रकान्यात त्याच विषयाचं नवं पान. एकास एक. तीन रात्री लागल्या. मग ३०१. ३०२ नाही. ३०२ म्हणजे तात्पुरता पत्ताबदल, जमीन बटईनं दिल्यासारखं, मालक जुनाच. साइटच्या आतल्या लिंक थेट नव्या पत्त्याला जोडल्या, कारण एका रीडायरेक्टवरून दुसऱ्या रीडायरेक्टवर उड्या मारायला लावणं बरं नाही. कॅनॉनिकल टॅग, म्हणजे पानाचा मुख्य पत्ता कुठला हे गूगलला सांगणारी ओळ, थीममध्ये हातानं लिहिलेले होते, ते अजून जुनेच पत्ते सांगत होते, तेही सापडले. नवा साइटमॅप दिला, मुख्य दहा पानं सर्च कन्सोलच्या यूआरएल इन्स्पेक्शनमध्ये (गूगलला पान कसं दिसतं ते तपासायची सोय) टाकून पाहिली. आणि थांबलो. थांबणं सगळ्यात अवघड. दिवाळीच्या सीझनपर्यंत बरंचसं परत आलं. सगळं आलं असं म्हणणार नाही.

आता खरी गंमत. यातलं काहीच करायची गरज नव्हती. यूआरएलमध्ये जुनं नाव राहिलं असतं तर काही बिघडत नव्हतं. पत्त्यातल्या शब्दांचं वजन फार थोडं असतं. टायटल बदलायचं, मजकुरात ‘छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद)’ असं एकदा-दोनदा लिहायचं, पत्ता आहे तसा ठेवायचा. बाहेरून येणारा प्रवासी अजून जुनंच नाव टाइप करतो. दुसरा नुसतं संभाजीनगर टाकतो, तिसरा संभाजी आणि नगर तोडून लिहितो. जुन्या नावावर बिहारच्या औरंगाबादचेही शोध यायचे, ते आपल्या कामाचे नाहीत, त्यांचं दुःख करू नका. आणि अहमदनगरचं अहिल्यानगर झालं तेव्हा काकांच्या शिर्डी-नगर पानांचे यूआरएल मी तसेच ठेवले. काही झालं नाही.

साहेबांना दोष देत नाही. पण ‘सगळीकडं बदल’ असं म्हणणारा माणूस आणि ‘स्लग सोडून बदलतो’ असं म्हणायची हिंमत नसलेला नवशिका एका खोलीत असले की असंच होतं. हिंमत ठेवा. फार तर ओरडतील.

नव्या मुलांना अजून एक खड्डा दिसतो, त्यावर थोडंच. मराठवाड्यात आठ जिल्हे, शहात्तर तालुके. कुणीतरी सांगतं, प्रत्येक तालुक्याच्या नावाचं एक पान कर, मजकूर तोच, नाव फक्त बदल. याला डोअरवे पानं म्हणतात आणि ती गूगलच्या स्पॅम धोरणात बसतात. मार्च २०२४ पासून ढिगानं पानं पाडण्याविरुद्धचे नियम आणखी कडक झाले, मग ती एआयनं लिहिलेली असोत की हातानं. अंबाजोगाईला खरंच गाडी जात असेल, वेगळा दर असेल, वेगळं काही सांगण्यासारखं असेल, तर करा पान. नसेल तर कशाला? पंधराशे रुपयांत पाचशे बॅकलिंक (दुसऱ्या साइटवरून आपल्याकडं येणाऱ्या लिंक) देणाऱ्यांबद्दल तर मी बोलतच नाही. २०१२ मध्ये पेंग्विन, म्हणजे खोट्या लिंक पकडणारा गूगलचा बदल, आला तेव्हापासून हा धंदा मेलाय, फक्त विकणाऱ्यांना कुणी कळवलेलं नाही.

पहिल्या नंबरची हमी देणाऱ्याकडं नोकरी करू नका. तशी हमी कुणीच देऊ शकत नाही, हे गूगलच सांगतं.

वेगाचं म्हणाल तर स्पीड टेस्टमधल्या शंभरपैकी शंभर गुणांच्या मागं लागू नका. मुख्य मजकूर अडीच सेकंदांत दिसला पाहिजे, एवढं धरा. आपल्याकडं निम्मा प्रश्न गिऱ्हाइकानं व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवलेल्या चार-चार एमबीच्या फोटोंचा असतो. ते आधी लहान करा. यूआरएल शक्यतो इंग्रजी अक्षरांत ठेवा. देवनागरीचं एकेक अक्षर कोडिंग होऊन नऊ चिन्हांचं होतं, आणि लांब शीर्षकाचा स्लग वर्डप्रेस मधेच तोडतं.

आणि घाबरू नका. मी एका माणसाचा चालता धंदा अर्ध्या तासात झोपवला होता, तरी ते गिऱ्हाईक अजून माझ्याकडं आहे. एजन्सी सोडली तेव्हा काका म्हणाले, “बिघडवलं तूच, आता बघायचंही तूच.”

त्यांच्या सहाही गाड्यांच्या मागच्या काचेवर शहर दर्शनाच्या पानाचा पत्ता रंगवलाय, जुन्या नावाचा. बदलू का म्हणून मी दोनदा विचारलं. पेंटर पैसे मागतो म्हणाले, राहू दे. दर रविवारी लॉग उघडतो तेव्हा त्या पत्त्यावर कुठल्याही लिंकवरून न येता थेट आलेले दोन-तीन जण दिसतात. सिग्नलला गाडीमागं थांबून वाचलं असणार. तिथून ते ३०१ नं पुढं जातात.