कोमट रेडिएटर, आटोक्यातलं बिल

हीट पंप, म्हणजे विजेवर पाणी गरम करून ते खोल्यांतल्या रेडिएटरमधून फिरवत घर उबदार ठेवणारं यंत्र, बसवलेल्या घरातून फोन आला की तक्रार दोनांपैकी एक असते. "बिल फार येतंय", नाहीतर "रेडिएटर नीट तापतच नाहीत". बसवून झालेल्या पंपांचं सेटिंग जुळवून देणं हे माझं काम, त्यामुळे हिवाळाभर मी हेच ऐकत असते. यातली दुसरी तक्रार बऱ्याचदा तक्रार नसतेच. पण तिच्यावर भलता उपाय केला की पहिली सुरू होते. कुणीतरी येऊन पाण्याचं तापमान ५५ वर नेऊन ठेवतं, रेडिएटरला हात लावला की चटका बसतो, घरातली मंडळी खूश होतात. मग बिल येतं.

सगळी गोम या पाण्याच्या तापमानात आहे. पंपातून घराकडे निघणाऱ्या पाण्याचं हे तापमान, म्हणजे फ्लो टेम्परेचर. हीट पंप बाहेरच्या हवेतली उष्णता उचलून घरात आणतो (ही कल्पना लॉर्ड केल्विन यांनी १८५२ मध्येच मांडली होती, नवी अजिबात नाही). बाहेरची थंडी आणि आतल्या पाण्याचं तापमान यांत अंतर जितकं जास्त, तितके कॉम्प्रेसरला कष्ट जास्त. बाहेर ७ अंश असताना चांगलं यंत्र ३५ अंशाचं पाणी देत असेल, तर विजेच्या एका युनिटमागे साधारण चार युनिट उष्णता मिळते. तेच यंत्र ५५ अंशाचं पाणी देऊ लागलं की हा आकडा तीनच्या खाली उतरू शकतो. याच आकड्याला सीओपी म्हणतात. ढोबळ हिशेब असा की पाणी एका अंशाने कमी केलं की वीज दोन ते अडीच टक्क्यांनी वाचते.

घराला वर्षाला १०,००० युनिट उष्णता लागते असं धरा. वर्षाची सरासरी सीओपी अडीच असेल तर ४,००० युनिट वीज जळेल, चार असेल तर २,५००. घर तेच, यंत्र तेच, फरक दीड हजार युनिटचा. गॅस बॉयलरशी तुलना करायची तर आधी दोन दर शेजारी मांडा. विजेचं युनिट गॅसच्या युनिटपेक्षा किती पट महाग आहे ते काढा आणि त्याला बॉयलरच्या कार्यक्षमतेने, म्हणजे साधारण ०.९ ने गुणा. वीज तिप्पट महाग असेल तर २.७ सीओपीला बरोबरी होते, चौपट असेल तर ३.६ लागते. "हीट पंप स्वस्त पडतो का" असं मला सरसकट विचारलं तर मी आधी हे दोन दर विचारते.

आता सेटिंगकडे. कंट्रोलरच्या मेनूत "हीटिंग कर्व्ह" किंवा "वेदर कॉम्पेन्सेशन" नावाची सोय असते. बाहेर थंडी वाढली की पाणी आपोआप गरम करायचं, ऊब आली की कमी करायचं, एवढंच तिचं काम. ती बंद असेल तर पहिल्यांदा चालू करा. मग सगळ्या रेडिएटरचे व्हॉल्व्ह पूर्ण उघडा, थर्मोस्टॅटिक डोकं असलेलेसुद्धा, आणि खोलीतला थर्मोस्टॅट हव्या त्या तापमानापेक्षा दोन-तीन अंश वर ठेवा. म्हणजे तो मध्ये लुडबुड करणार नाही आणि घर किती तापायचं हे फक्त पाण्याचं तापमान ठरवेल.

त्यानंतर कर्व्ह एक-दोन अंशांनी खाली आणा आणि निदान एक पूर्ण दिवस थांबा. घर तापवणारे पाइप फरशीखाली असतील तर दोन दिवस, कारण काँक्रीट सावकाश तापतं आणि सावकाश निवतं. दर तासाला आकडे बदलणाऱ्यांना यातून काहीच कळत नाही. खोल्यांचं तापमान बघा, पुन्हा खाली या, पुन्हा थांबा. एखादी खोली हव्या तापमानाला पोचेनाशी झाली की एक पायरी वर या. तुमच्या घराचा आकडा तो.

इथे एक फाटा फुटतो. एकच खोली थंड राहत असेल तर तिच्यासाठी अख्ख्या घराचं पाणी तापवू नका. बाकीच्या रेडिएटरच्या दुसऱ्या टोकाला टोपीखाली एक व्हॉल्व्ह असतो, लॉकशील्ड म्हणतात त्याला. जवळच्या, लवकर तापणाऱ्या खोल्यांचे हे व्हॉल्व्ह पाव-पाव फेरा आवळत गेलं की पाणी लांबच्या खोलीकडे वळतं. तेवढ्याने भागलं नाही तर त्या खोलीत मोठा रेडिएटर बसवा. पाणी आणि खोली यांत ५० अंशांचं अंतर असताना रेडिएटर जेवढी उष्णता देतो, त्याच्या जेमतेम निम्मी तो ३० अंशांच्या अंतराला देतो. म्हणून जुने लहान रेडिएटर कोमट पाण्यावर कमी पडतात. रेडिएटरचा खर्च एकदाच होतो, गरम पाण्याचा दर महिन्याला.

कर्व्हचा उतारही तपासा, म्हणजे बाहेर एक अंश थंडी वाढली की पाणी किती अंशांनी वाढतं ते. कडाक्याच्या थंडीत घर नीट असतं आणि सौम्य दिवशी गार वाटतं, तर उतार थोडा कमी करून सगळी रेषा वर सरकवा. सौम्य दिवशी ठीक आणि कडाक्यात कमी पडत असेल तर उतार वाढवा.

आता त्या "तापत नाही"बद्दल. आपल्या त्वचेचं तापमान ३३-३४ अंशांच्या आसपास असतं. ३६ अंशांच्या रेडिएटरला हात लावला तर काहीच जाणवत नाही, आणि तरी खोली २० वर स्थिर असू शकते. हात काढा आणि थर्मामीटर बघा. शिवाय पंप सलग चालला की भिंती आणि फरशीही उबदार राहतात, त्यामुळे हवा तेवढीच असूनही अंगाला ऊब जास्त लागते. बॉयलरच्या सवयीने सकाळी दोन तास, संध्याकाळी तीन तास असं चालवलं तर थंड पडलेलं घर उठवायला पंपाला गरम पाणी करावं लागतं, आणि तिथेच सीओपी पडते. रात्री एक-दोन अंश खाली आणायला हरकत नाही, पाच-सहा अंश नकोत. दिवसेंदिवस घर रिकामं असेल तेव्हा मात्र खुशाल खाली आणा.

उलट बाजूचा त्रास म्हणजे पंप सारखा चालू-बंद होणं. दर दहा मिनिटांनी कॉम्प्रेसर उठतोय आणि बसतोय असं दिसलं तर बहुतेक वेळा खोल्यांचे व्हॉल्व्ह बंद करून पाण्याला फिरायला जागाच ठेवलेली नसते, किंवा यंत्र घराच्या मानाने मोठं घेतलेलं असतं. पहिल्याला व्हॉल्व्ह उघडणं हा फुकटचा उपाय आहे. दुसऱ्याला स्वस्त उपाय नाही, म्हणून विकत घेण्याआधी खोलीनिहाय हीट लॉसचा, म्हणजे थंडीत कुठल्या खोलीतून किती उष्णता बाहेर निसटते त्याचा, हिशेब मागून घ्या. "असू दे थोडा मोठा" हे वाक्य ऐकलं की सावध व्हा.

बाहेर शून्य ते पाच अंश आणि हवा दमट असली की बाहेरच्या युनिटवर बर्फ धरतो. मग पंखा थांबतो, वाफेचा पांढरा लोट निघतो, खाली पाणी गळतं. हे डीफ्रॉस्ट. काही मिनिटांत आटोपतं. यंत्र जळालं म्हणून घाबरून फोन करू नका. गळलेलं पाणी वाटेवर गोठणार नाही एवढं बघा.

नळाचं गरम पाणी वेगळं. टाकी ४८-५० अंशांवर ठेवा, तापवण्याची वेळ दुपारची ठेवा, कारण तेव्हा बाहेर त्यातल्या त्यात ऊब असते. साठलेल्या पाण्यात वाढणारे लेजिओनेला जंतू मरावेत म्हणून अधूनमधून ६० पर्यंत नेण्याची सोय असते, ती बंद करू नका. पण टाकीतला विजेचा हीटर त्याव्यतिरिक्त चालतोय का ते मेनूत नक्की बघा. त्याची सीओपी एक. न सापडणाऱ्या बिलाचा चोर बऱ्याचदा तिथेच बसलेला असतो.

एवढं करूनही महिन्याची दिलेली उष्णता भागिले खाल्लेली वीज हा आकडा अडीचच्या वर जात नसेल, तर पंप आणि रेडिएटर यांच्या मध्ये बफर टाकी, म्हणजे गरम पाणी साठवणारी मधली टाकी, आहे का बघा. टाकीत शिरणाऱ्या आणि रेडिएटरकडे निघणाऱ्या पाइपांवर एकेक थर्मामीटर बांधा. पंप ४५ देतोय आणि रेडिएटरला ४० पोचतंय असं दिसलं, तर टाकीत गरम-गार पाणी मिसळतंय आणि ते पाच अंश तुम्ही फुकट भरताय. टाकीच्या दोन्ही बाजूंना पाणी फिरवणाऱ्या पंपांचा प्रवाह जुळवून घ्यावा लागेल. ते काम तंत्रज्ञाचं, पण त्याला बोलावताना हे दोन आकडे लिहून ठेवा.