गोव्याच्या हवेत मोटारसायकलचे ट्यूनिंग: सायलेन्सर, एअर फिल्टर आणि इंधन

इंजिन आत ओढते ती हवा, तिच्यात मिसळणारे पेट्रोल आणि जळून बाहेर पडणारा धूर यांचा हिशेब एकच असतो. म्हणून सायलेन्सर, एअर फिल्टर आणि इंधनाची मात्रा यांपैकी एकाला हात लावला, की उरलेल्या दोहोंची तपासणी करावीच लागते. हा हिशेब प्रत्येक ठिकाणच्या हवेनुसार बदलतो, हे मात्र फार थोडे जण लक्षात घेतात.

मी स्वतः ही चूक केली आहे. 2012 साली घेतलेल्या माझ्या कार्बोरेटरच्या (हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागाच्या) 350 सीसी गाडीला मोकळा सायलेन्सर बसवताना मी पुण्यातील एका मित्राच्या, अगदी तशाच गाडीचे जेटचे (कार्बोरेटरमध्ये पेट्रोल मोजून सोडणाऱ्या छिद्राचे) आकडे जसेच्या तसे वापरले. धारगळच्या महामार्गावर चौथ्या गिअरमध्ये थ्रॉटल पूर्ण उघडला की गाडी गुदमरायची, आणि महिन्याभरात इंजिनातून धूर नेणारा बेंड पाइप हेडजवळ, म्हणजे सिलिंडरच्या डोक्यापाशी, निळा पडला. उलगडा झाला तो चोर्ला घाटात. केरी सोडून चढ लागला आणि जसजशी उंची वाढली तसतशी गाडी सुरळीत चालू लागली. परत सांखळीला उतरलो तेव्हा तोच गुदमरा पुन्हा सुरू झाला. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर उंचीवर आहे, त्यामुळे तिथली हवा आपल्यापेक्षा साधारण पाच टक्क्यांनी विरळ असते. तिथे बरोबर ठरलेला जेट गोव्याच्या दाट हवेला पेट्रोल कमी पुरवतो, म्हणजेच मिश्रण लीन होते. बेळगाव तर पुण्याहूनही उंचावर आहे. बाहेरून आलेला कोणताही आकडा केवळ सुरुवातीचा अंदाज म्हणून घ्यावा.

कामाला हात घालण्यापूर्वी गाडी मूळ अवस्थेत निरोगी आहे ना, हे पाहावे. टॅपेट सेटिंग (व्हॉल्व्हची फट), प्लग, क्लच, चेन आणि कॉम्प्रेशन ठीक नसेल, तर नव्या सायलेन्सरने ते दोष फक्त झाकले जातील. फोंडा ते पणजी असा एखादा नेहमीचा रस्ता ठरवून तिथले मायलेज आणि कोणत्या गिअरमध्ये पिकअप कसा मिळतो, याची वहीत नोंद करावी. ही नोंद नसेल, तर पुढे आवाज वाढल्यामुळेच ताकद वाढल्यासारखी वाटते. फक्त सायलेन्सरचा मागचा डबा बदलून मिळणारी वाढ थोडीच असते.

सायलेन्सर निवडताना पाइपचा व्यास सर्वांत महत्त्वाचा आहे. पाइप जितका रुंद तितका चांगला, ही समजूत चुकीची आहे, कारण रुंद पाइपमध्ये धुराचा वेग मंदावतो आणि इनटेक व एक्झॉस्ट व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे असताना त्या वेगामुळे सिलिंडरमधून उरलेला धूर ओढला जाण्याची क्रिया कमजोर होते. त्याचा फटका कमी आरपीएमवर बसतो, आणि आपल्या गावांतील अरुंद, वळणावळणाच्या रस्त्यांवर गाडी बहुतेक वेळ त्याच आरपीएमवर चालते. दिवसभर प्रवासी नेणाऱ्या एखाद्या अनुभवी पायलटला (मोटारसायकल टॅक्सीचालकाला) विचारले, तर वरच्या वेगापेक्षा खालचा पिकअपच कसा कामाला येतो हे तो सांगेल. डीबी किलर (आवाज कमी करणारा तोंडाचा भाग) काढू नये. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातील विषारी वायू कमी करणारा भाग) बेंड पाइपमध्ये आहे की डब्यात, हे आधी पाहावे. तो काढला तर गाडी पीयूसीला बसणार नाही आणि हवेत विषारी धूर जाईल. किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांनी साध्या पत्र्यापेक्षा 304 दर्जाचे स्टेनलेस स्टील घ्यावे, कारण खाऱ्या वाऱ्यात साधा पत्रा वेल्डिंगच्या सांध्यापासून झपाट्याने कुजतो.

बसवण्याचे काम इंजिन पूर्ण थंड असतानाच करावे. समुद्राच्या हवेत हेडचे स्टड हमखास गंजलेले असतात, म्हणून आदल्या रात्री नटांवर गंज सैल करणारे तेल सोडून ठेवावे आणि सकाळी नट एकदम न फिरवता थोडा सैल, थोडा घट्ट असा मागेपुढे करत काढावा. हेडमध्ये मोडलेला स्टड काढण्याचा खर्च कधी कधी सायलेन्सरच्या किमतीच्या जवळ जातो. बेंड पाइप निघाला की बॅटरीच्या उजेडात पोर्टमध्ये नीट पाहावे. जुने गॅस्केट काजळीने काळे होऊन तिथे असे चिकटलेले असते की ते हेडचाच भाग वाटते, आणि त्यावरच नवीन गॅस्केट बसवले जाते. वाकवलेल्या तारेच्या टोकाने ते हलकेच उचकटून काढावे, पोर्ट पुसावा आणि नवीनच गॅस्केट घालावे. मग सर्व नट आणि बोल्ट केवळ हाताने लावून पाइप कुठेही ताणला जात नाही ना, हे पाहावे. त्यानंतर प्रथम हेडकडचे नट आळीपाळीने सारखे घट्ट करावेत, मग सांध्याचा क्लॅम्प आणि सर्वांत शेवटी फूटरेस्टजवळचा ब्रॅकेट. नट किती घट्ट करायचे याचा आकडा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घेऊन टॉर्क पाना वापरावा. पहिल्यांदा सुरू करण्यापूर्वी स्टेनलेसवरचे बोटांचे ठसे थिनरने पुसून टाकावेत, नाहीतर ते तापून कायमचे उमटतात. सुरू केल्यावर, पाइप तापण्याआधी सांध्यांवर साबणाचे पाणी शिंपडावे. बुडबुडे आले तर गळती आहे.

एअर फिल्टरबाबत माझे मत ठाम आहे: एअरबॉक्स (फिल्टरचा बंद डबा) काढून उघडा पॉड फिल्टर लावू नये. एअरबॉक्सचे आकारमान निर्मात्याने विचारपूर्वक ठरवलेले असते आणि तो काढल्यावर खालचा पिकअप जातो. त्याशिवाय जूनपासून तीन-चार महिने उघडा फिल्टर पाणी ओढतो, आणि उसगाव-धारबांदोडा भागात खनिजाच्या ट्रकांची लाल धूळ बसते ती वेगळीच. मूळ एअरबॉक्समध्येच बसणारा, धुता येणारा सुती फिल्टर पुरेसा असतो. तो धुऊन सावलीत पूर्ण वाळवावा आणि तेल फक्त रंग सारखा दिसेल इतकेच लावावे.

आता इंधन. कार्बोरेटरमध्ये थ्रॉटलच्या पहिल्या चतुर्थांशापर्यंत पायलट जेट आणि मिक्श्चर स्क्रू, साधारण पाव ते पाऊण उघडीपर्यंत नीडल आणि त्यापुढे मेन जेट यांचा प्रभाव असतो. त्यामुळे दोष कोणत्या उघडीवर दिसतो ते ओळखले, की कोणता भाग बदलायचा ते आपोआप कळते. हँडलच्या ग्रिपवर आणि तिच्या शेजारी टेपच्या खुणा करून ठेवल्या, तर चालवताना उघडीचा अंदाज राहतो. ज्या उघडीवर शंका आहे तिथे मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण वाढवणारा चोक किंचित ओढून पाहावा: गाडी सुधारली तर मिश्रण लीन आहे, आणखी जड झाली तर रिच, म्हणजे पेट्रोल जास्त, आहे. मेन जेट एका वेळी एकच पायरी बदलावा आणि दर वेळी त्याच रस्त्यावर, गरम इंजिनावर तपासावे. सुरुवात थोड्या रिच बाजूने करावी, कारण रिच मिश्रणाने पेट्रोल आणि प्लग वाया जातो, पण लीन मिश्रणाने पिस्टन आणि व्हॉल्व्ह जळू शकतात. मिक्श्चर स्क्रू इंजिनच्या बाजूला असेल तर तो पेट्रोल नियंत्रित करतो आणि उघडल्यावर मिश्रण रिच होते. फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवा नियंत्रित करतो आणि परिणाम उलटा होतो. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्यामुळे त्याच जेटवर मिश्रण आणखी लीन होते, म्हणून दहा वर्षांपूर्वीचे जेटचे तक्ते आज जुळत नाहीत.

थ्रॉटल सोडल्यावर मागून फटफट आवाज आला, तर लगेच जेट वाढवू नये. बहुधा सांध्यातून बाहेरची हवा आत जात असते.

एप्रिल 2020 पासूनच्या बीएस-6 गाड्यांमध्ये फ्युएल इंजेक्शन आणि ऑक्सिजन सेन्सर असतो. मध्यम वेगावर ईसीयू (गाडीचा नियंत्रक संगणक) सेन्सरच्या साहाय्याने मिश्रण, शुद्ध पेट्रोलच्या हिशेबाने, वजनात 14.7 भाग हवेला एक भाग पेट्रोल, या प्रमाणाच्या आसपास स्वतःच राखतो, मात्र पूर्ण थ्रॉटलला तो ठरलेल्या मॅपवर (पेट्रोलच्या मात्रेच्या तक्त्यावर) चालतो आणि तिथे जास्त ताकदीसाठी साधारण 13 च्या खालचे प्रमाण लागते. म्हणून केवळ डबा बदलला असेल, तर सहसा वेगळ्या ट्यूनिंगची गरज पडत नाही. फिल्टर आणि संपूर्ण पाइप बदलला, तर पडते. बंगळुरूचे फ्युएलएक्स किंवा पॉवरट्रॉनिक यांसारखे मॉड्युल त्यासाठी वापरता येते, पण त्याचा मॅप वाइडबँड सेन्सर (हवा-पेट्रोलचे नेमके प्रमाण मोजणारा) लावूनच तपासून घ्यावा. सेन्सरच्या आधीच्या सांध्यात गळती असेल, तर सेन्सरला बाहेरचा ऑक्सिजन दिसतो आणि ईसीयू विनाकारण पेट्रोल वाढवतो. अशा वेळी मॅप बदलत बसण्यापेक्षा गॅस्केट बदलावे.

मोटार वाहन कायद्याच्या कलम 190 मधील दुसऱ्या पोटकलमानुसार आवाज किंवा धुराची मानके मोडल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, 10,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, शिवाय परवाना तीन महिने अपात्र ठरतो. रात्री वाड्यातून (गावातील वस्तीतून) जाताना झोपलेल्या लहान मुलांना आणि आजारी माणसांना होणारा त्रास मला या दंडापेक्षाही मोठा वाटतो.

पहिल्या 100 किलोमीटरनंतर, इंजिन थंड झाल्यावर, हेडकडचे नट पुन्हा तपासावेत, कारण नवीन गॅस्केट दबते आणि नट सैल होतात. मूळ सायलेन्सर तेलाचा हलका हात देऊन, कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवावा, आणि काढलेले जेट त्यांच्या आकड्यांसह एका डबीत ठेवावेत.