जुन्या साड्यांची गोधडी शिवताय? या चुका टाळा

दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी बिघडलेली गोधडी घेऊन माझ्याकडे येतं, आणि दहातल्या आठ वेळा घोळ दोऱ्याचा असतो.

दोन वर्षांपूर्वी एक मुलगी आली. आजी गेली, तिच्या दोन सुती साड्यांची गोधडी हिला बाळासाठी हवी होती. एका शनिवार-रविवारी मशीनवर शिवून मोकळी झाली. दोरा पॉलिएस्टरचा, टीप अगदी बारीक. पहिल्याच धुण्यात ओल्या कापडाचा भार त्या टिपांवर आला आणि तिकिटाच्या भोकांवरून कागद फाटावा तशी साडी ओळीने फाटत गेली. दोरा मात्र जसाच्या तसा! उसवायलाच आठ दिवस गेले. धड राहिलेल्या भागाचं दुपटं झालं, वर आजीचा पदर.

पंचवीस वर्षं नेसलेल्या कापडाला त्याच्यापेक्षा चिवट दोरा लावू नये. ताण आला तर दोरा तुटावा, कापड नाही. तुटलेला टाका पाच मिनिटांत घालता येतो. म्हणून मी सुती दोराच घेते आणि हातानेच धावदोरा घालते. टाका तांदळाच्या दाण्याएवढा, दोन ओळींत एक बोट अंतर. महिना लागतो, लागू दे. घाई असेल त्यांनी बाजारातून रजई आणावी, आजीच्या साडीला कात्री लावू नये.

साडी उजेडासमोर धरून बघत नाहीत, ही दुसरी चूक. विरलेला भाग आरपार दिसतो. तो आतल्या थरात घाला.

कापड सुतीच आहे ना, याची खात्री करा. एक धागा काढून जाळा. सुती धागा कागदासारखा जळून त्याची राख होते, पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो. तसलं कापड थरांमध्ये सरकत राहतं.

खळ धुऊन काढा. जरीचे काठ कापून बाजूला ठेवा, अंगाला टोचतात.

थर चारच. सहावारी मधोमध दुमडली की दोन थर होतात, म्हणजे एकेरी गोधडीला दोन साड्या पुरतात. ऊब हवी म्हणून आठ थर घातले की सुई अडते, आतलं कापड वाळत नाही आणि कुबट वास सुटतो.

आणि कच्चे टाके चुकवू नका. जमिनीवर चारही कोपऱ्यांना वजन ठेवून थर ताणून घ्या, मधून कडेकडे लांब टाके घाला, मगच कडेने शिवायला लागा. नाहीतर सगळा झोळ मध्यभागी गोळा होतो, आणि तो काढायला पुन्हा उसवण्यावाचून दुसरा उपाय मला तरी सापडलेला नाही.