टीईएस अ‍ॅरे रात्रीच्या निरीक्षणासाठी कसा तयार करावा

दीर्घिका-समूहातला तप्त वायू वैश्विक पार्श्वप्रारणाच्या (महास्फोटानंतर उरलेल्या मंद प्रारणाच्या) फोटॉनना थोडी ऊर्जा देतो, आणि ते वरच्या वारंवारतांकडे सरकतात. म्हणून १५० गिगाहर्ट्झवर समूहाच्या जागी आकाश किंचित थंड दिसते. ही घट मोठ्या समूहातही काही शे मायक्रोकेल्विनचीच असते, तर डोक्यावरची हवा काही केल्विनने चमकत असते. ती टिपायला टीईएस लागतात: अतिवाहक होण्याच्या उंबरठ्यावर धरलेले, जराशा उष्णतेनेही रोध बदलणारे डिटेक्टर. असे अनेक डिटेक्टर एकत्र म्हणजे अ‍ॅरे. त्यामुळे बायस, म्हणजे डिटेक्टरला उंबरठ्यावर धरून ठेवणारा विद्युतपुरवठा, नीट लावणे हे रात्रीचे सगळ्यात महत्त्वाचे काम. खालचे आकडे चिलीत सेरो टोकोवर ५१९० मीटर उंचीवर २०२२ पर्यंत चाललेल्या अटाकामा कॉस्मॉलॉजी टेलिस्कोपच्या नंतरच्या कॅमेऱ्यांचे आहेत.

अ‍ॅरेचा तळ १०० मिलिकेल्विनला स्थिरावला की आधी स्क्विड (डिटेक्टरचा अतिसूक्ष्म प्रवाह चुंबकीय फ्लक्समधून वाचणारे प्रवर्धक) जुळवा. प्रत्येक स्क्विडचा चुंबकीय फ्लक्सला मिळणारा प्रतिसाद लाटेसारखा वरखाली होतो. लॉक, म्हणजे स्क्विडला एका बिंदूवर धरून ठेवणे, चढणीच्या मधोमध करा. लाटेच्या माथ्यावर लॉक झालेला चॅनेल दुर्बीण हलताच उडी मारतो. हे सगळे दुर्बीण स्थिर असताना उरकावे.

मग आय-व्ही वक्र, म्हणजे बायस बदलत मोजलेल्या प्रवाहाचा आलेख. टीईएसचे संक्रमण (सामान्य रोधातून शून्य रोधाच्या अतिवाहक अवस्थेत जाणे) १५० मिलिकेल्विनच्या आसपास होते. बायस आधी इतका वाढवा की सगळे डिटेक्टर सामान्य रोधावर जातील, आणि तिथून टप्प्याटप्प्याने खाली आणा. खालून वर कधीच नाही: एकदा अतिवाहक झालेला डिटेक्टर नेहमीच्या बायसने तापत नाही, तो तसाच अडकून बसतो. त्याला सोडवायला जोराचा बायस द्यावा लागतो, आणि त्याने वेफर (डिटेक्टर ज्यावर कोरले आहेत ती सिलिकॉनची चकती) तापतो; तो पुन्हा निवेपर्यंत थांबा. वक्रात बायस कमी करताना प्रवाह उलट वाढू लागला की संक्रमण सुरू झाले. रोध सामान्य रोधाच्या निम्म्यावर येईल तो बिंदू निवडा. एका बायस लाइनवर अनेक डिटेक्टर असल्याने सगळ्यांना तो साधत नाही. मध्यक पकडा, आणि २० ते ८० टक्क्यांबाहेर पडणारे त्या रात्रीपुरते वगळा.

हवेतली वाफ बदलली की हे सगळे पुन्हा करावे लागते. वाफ वाढली की आकाशाचा भार वाढतो आणि डिटेक्टर सामान्य अवस्थेकडे सरकून संपृक्त होतात. रात्र कोरडी होत गेली तर उलट, ते अतिवाहक होऊन अडकतात. डोक्यावरच्या स्तंभातली सगळी वाफ पाणी करून मोजली आणि ती ३ मिलिमीटरच्या वर गेली तर तो डेटा बाजूला काढणेच बरे.

वक्रानंतर बायसवर लहानशी चौकोनी लाट द्या. तिच्या प्रतिसादावरून संवेदनशीलता आणि कालस्थिरांक (डिटेक्टरला प्रतिसाद द्यायला लागणारा वेळ), दोन्ही कळतात. १५० गिगाहर्ट्झला बीम, म्हणजे एका वेळी दिसणारा आकाशाचा ठिपका, १.४ कलांचा (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) होता आणि दुर्बीण दिगंशात (क्षितिजाला समांतर) सेकंदाला दीड अंश झुलत असे, म्हणजे स्रोत वीसेक मिलिसेकंदांतच निघून जाई. डिटेक्टर मंद असेल तर नकाशात स्रोत झुलण्याच्या दिशेने सरकतो. युरेनसचा डावीकडे आणि उजवीकडे जातानाचा नकाशा वेगवेगळा काढा. ग्रह दोन जागी दिसला तर कालस्थिरांकाची दुरुस्ती चुकली आहे.

उन्नतांश (क्षितिजापासूनची उंची) कायम ठेवून फक्त दिगंशात झुला, नाहीतर हवेची जाडी दर क्षणी बदलेल. तोच पट्टा उगवताना आणि मावळताना, दोन्ही वेळा घ्या.

सगळ्या डिटेक्टरांना जवळपास एकच हवा दिसते, म्हणून सामाईक भाग वजा करता येतो. अ‍ॅरेचा खरा उपयोग मला यातच वाटतो. पण सरळ सरासरी वजा केली तर अ‍ॅरेएवढा पसरलेला जवळचा समूहही तिच्यासोबत जातो. या वजाबाकीच्या गाळणीने किती सिग्नल खाल्ला हे कृत्रिम समूह डेटात मिसळून तपासा.

शेवटी ९०, १५० आणि २२० गिगाहर्ट्झचे नकाशे शेजारी ठेवा. खरी घट २२० वर नाहीशी व्हायला हवी. तिथे उजळ ठिपका उरला तर धुळीने भरलेल्या दीर्घिकेचा संशय घ्या. ९० वरची घट अपेक्षेपेक्षा उथळ असेल, तर समूहाच्या मध्यभागी रेडिओ दीर्घिका आहे का ते आधी पाहा, आणि मगच घटीवरून समूहाचे वस्तुमान काढा.