फ्लेक्सवर एकच ओळ मोठी
सांगलीत हळदीच्या दुकानाचा फ्लेक्स करताना दुकानदार हमखास म्हणतो, ‘नाव मोठं करा, फोन नंबर मोठा करा, हळकुंडांचा फोटोही मोठा.’ तसं केलंत तर दुचाकीवरून जाणाऱ्याची नजर कुठेच थांबत नाही. आधी दुकानदारालाच विचारा, लोकांनी एकच गोष्ट वाचायची तर कोणती? समजा, ‘राजापुरी हळद’. ती ओळ बाकी मजकुराच्या तिप्पट आकारात घ्या आणि भोवती भरपूर मोकळी जागा सोडा. ही जागा भरायचा मोह मलाही होतो, पण उठाव तिच्यामुळेच येतो. पिवळ्यावर पांढरी अक्षरं पुसट दिसतात. गडद तपकिरी घ्या. मग दोन पावलं मागे जाऊन डोळे किलकिले करून पाहा. तीच ओळ आधी दिसली नाही, तर बाकीचं लहान करा.