मृगाच्या पावसात गाडी मिसिंग मारते? आधी प्लग वायर तपासा

उन्हाळाभर धड चाललेली पेट्रोल गाडी मृगाचा पहिला पाऊस पडला की सकाळी झटके द्यायला लागते. बिघाड पावसानं केलेला नसतो, पाऊस तो फक्त उघडा पाडतो. मे महिन्यात परभणी-नांदेडकडं बाहेरच पारा ४२ अंशांवर असतो आणि बोनेटखाली त्याहून कितीतरी जास्त. त्या तापानं प्लग वायरचं, म्हणजे स्पार्क प्लगला करंट नेणाऱ्या वायरचं, रबर वाळून कडक होतं आणि त्याला केसाएवढ्या भेगा पडतात. कोरड्या हवेत भेग गप्प राहते. ओल आणि काळ्या मातीची धूळ एकत्र आली की करंटला जवळची वाट मिळते. तो प्लगपर्यंत न जाता भेगेतून इंजिनच्या लोखंडात उतरतो आणि त्या सिलिंडरमध्ये ठिणगीच पडत नाही, यालाच मिसिंग म्हणतात.

हे फक्त वायरवाल्या गाड्यांना लागू आहे, म्हणजे ओम्नी, जुनी मारुती ८००, झेन, एस्टीम वगैरे. बऱ्याच नव्या गाड्यांत प्रत्येक प्लगवर ठिणगीचं व्होल्टेज तयार करणारी स्वतंत्र कॉइल बसलेली असते, तिथं वायरच नसते. डिझेल गाडीला तर स्पार्क प्लगच नसतो.

वायरचा दोष आधी भाराखाली दिसतो. उभी गाडी बरी वाटते, पण मांजरसुंब्याच्या किंवा कन्नडच्या घाटात चौथ्या गिअरमध्ये पाय दाबला की धक्के बसतात. भार वाढला की सिलिंडरमधला दाब वाढतो आणि ठिणगी उडवायला जास्त व्होल्टेज लागतं. तेवढं व्होल्टेज प्लगपर्यंत न जाता कमजोर वायरमधूनच बाहेर पडतं. एलपीजी-सीएनजीलाही पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. म्हणून पेट्रोलवर बरी चालणारी गाडी गॅसवर मिसिंग मारते आणि दोष गॅस किटला दिला जातो. किटच्या ट्युनिंगवर पैसे घालण्याआधी वायर बघा. इंजिनाची चेक लाइट लुकलुकत असेल तर गाडी पुढं दामटू नका. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो कायमचा निकामी होतो. स्कॅनरवर पी०३०१, पी०३०२ असे कोड आले तर शेवटचा आकडा सिलिंडरचा असतो. पी०३०० म्हणजे मिसिंग एका सिलिंडरपुरतं नाही.

सगळ्यात खात्रीची तपासणी अंधारात होते. गॅस किट असेल तर आधी वास घेऊन गळती नाही याची खात्री करा, कारण तुम्ही मुद्दाम ठिणगी बघायला निघाला आहात. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, गळ्यातला रुमाल काढून ठेवलेला. इंजिन आयडलवर ठेवा, बोनेट उघडा, दिवे बंद करा. मग फवाऱ्याच्या बाटलीनं वायरवर पाण्याचे बारीक तुषार मारा, धार नको. एकेक वायर, टोकापासून टोकापर्यंत. निळी ठिणगी कडकड आवाज करत उडाली किंवा इंजिन लगेच अडखळलं, तर दोष तिथंच. हात लांब ठेवा, या वायरमध्ये २०,००० व्होल्ट आणि त्याहून जास्त असतात. पेसमेकर बसवलेल्या माणसानं हे काम करूच नये.

मल्टीमीटर त्यानंतर. इंजिन थंड झाल्यावर वायर काढा. रबरी टोपी धरून थोडी पिळा, मग ओढा. वायर धरून ओढली की आतला कार्बनचा धागा तुटतो. मीटर २० किलो-ओहमवर लावा, लांब वायरला आकडा पुरला नाही तर वरची रेंज घ्या. कार्बन धाग्याच्या वायरला साधारण मीटरभर लांबीमागे १० ते २५ किलो-ओहम येतात, म्हणजे अर्ध्या मीटरच्या वायरला ५ ते १२. नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमधला धरा. मोजताना वायर वाकवून बघा. आकडा उड्या मारत असेल तर धागा आतून तुटलाय. पण आकडा बरोबर आला म्हणून वायर चांगली ठरत नाही. मीटर नऊ व्होल्टच्या बॅटरीवर धाग्याचा रोध मोजतो, वरच्या रबराची गळती त्याला दिसत नाही. ‘मीटरवर ओके’ म्हणून परत बसवलेली वायर पावसात पुन्हा दगा देते ती यामुळंच.

प्लगही काढून बघा. पांढऱ्या चिनीमातीवर वरून खाली काळी रेघ दिसली तर करंट प्लगच्या बाहेरून धावतोय. अशा वेळी प्लग आणि वायर दोन्ही बदला. जुन्या प्लगवर नवी टोपी बसवली तर तिच्यातही तशीच रेघ उमटते. प्लगच्या खड्ड्यात ऑइल साचलं असेल तर टॅपेट कव्हरची (इंजिनच्या वरच्या झाकणाची) पॅकिंग आधी बदला, ऑइलनं टोपीचं रबर फुगून मऊ पडतं.

चार सिलिंडरच्या काही गाड्यांत एकच कॉइल १ आणि ४ ला करंट देते. दोन्ही एकदम मिसिंग असतील तर संशय कॉइलवर जातो, पण थांबा. तिथं करंट एका प्लगमधून दुसऱ्याकडं फिरतो, म्हणून एक वायर तुटली तरी दोघांची ठिणगी कमजोर होते. आधी वायर, मग कॉइल. डिस्ट्रिब्युटर (एका कॉइलचा करंट पाळीपाळीनं प्रत्येक प्लगला वाटणारा भाग) असलेल्या गाडीत त्याची कॅप आणि आत फिरणारा रोटरही उघडून बघा. कॅपच्या आत काळी रेघ, बारीक चीर किंवा ओल असेल तर वायर बदलूनही मिसिंग जाणार नाही.

नव्या वायर सेटनंच घ्या आणि एक काढून एकच बसवा. सगळ्या एकदम उपटल्या की क्रम चुकतो. ओम्नी आणि ८०० मध्ये सिलिंडरला ठिणगी मिळण्याचा क्रम १-३-२ आहे. टोपी ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत दाबा, आतून डायलेक्ट्रिक (करंट न वाहू देणाऱ्या) ग्रीसचा पातळ हात द्या. वायर क्लिपमध्येच बसवा, एक्झॉस्टला टेकू देऊ नका. शेतावर, धान्याच्या खोलीजवळ गाडी उभी राहत असेल तर उंदरांनी कुरतडलेली वायरही सापडेल. तिच्यावर काळी टेप गुंडाळू नका, एवढं व्होल्टेज टेप अडवत नाही.

बसवून झाल्यावर अंधारात पुन्हा तुषार मारा, मग त्याच चढावर त्याच गिअरमध्ये गाडी चालवून बघा. तोच सिलिंडर अजूनही बंद असेल तर त्याचा इंजेक्टर आणि कॉम्प्रेशन तपासा.