खुब्याच्या ऑपरेशननंतर आईकडे बघताना

आई ८१ वर्षांची. पहाटे मोरीच्या उंबऱ्याला अडखळली आणि डावा खुबा मोडला. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन होऊन रॉड बसला. एक्स-रे बघून डॉक्टर खूश, आम्हीही. चौथ्या दिवशी सकाळी तिनं मला तिच्या वारलेल्या बहिणीच्या नावानं हाक मारली. भाऊ म्हणाला, वय झालंय, भुलीचा अंमल असेल. ताप नव्हता, म्हणून मीही गप्प बसले. संध्याकाळी ती उठेचना, तेव्हा तपासण्या झाल्या. लघवीतलं इन्फेक्शन रक्तात शिरायला लागलं होतं.

म्हणून पहिलं काम: एक वही घ्या. म्हाताऱ्या माणसाला इन्फेक्शन झालं तरी ताप येईलच असं नाही, त्यात दुखण्यासाठी दिलेली पॅरासिटामॉल असला-नसला ताप झाकून टाकते. ताप गोळीच्या आधी मोजा. जेवण किती गेलं, लघवी किती झाली, बोलणं नेहमीसारखं आहे का, हे लिहा. पेशंट निवांत असताना पूर्ण मिनिटभर श्वास मोजा. वीसच्या वर जायला लागले की सिस्टरांना सांगा. अचानक भ्रमल्यासारखं बोलणं किंवा नुसतं झोपून राहणं सोडियम कमी झाल्यानं, औषधानं, लघवी तुंबल्यानंही होतं. कारण डॉक्टर शोधतील. "कालपर्यंत अशी नव्हती" हे मात्र घरच्यांनाच सांगता येतं, आणि ते ठासून सांगायचं.

लघवीची नळी ही आमची चूक. रात्री उठवायला नको, चादर ओली होत नाही, म्हणून आम्हीच "राहू दे अजून दोन दिवस" म्हणालो. नळी जितके दिवस आत, तितका जंतूंना रस्ता मोकळा. रोज राउंडला विचारा, "आज काढता येईल का?" तोवर पिशवी कमरेच्या खाली लटकलेली हवी, पण जमिनीला टेकता कामा नये. आमच्या वॉर्डातल्या मावशी पेशंटला हलवताना ती पोटावर ठेवायच्या. तेवढ्यात पिशवीतली लघवी उलटी आत जाते. मी शेवटी पिशवी माझ्याच हातात धरायला लागले.

छातीचं दुखणं याहून वाईट. आडवं पडून कफ साठतो आणि न्युमोनिया होतो. श्वासाच्या व्यायामाला तीन चेंडूंचं ते यंत्र देतात ना, त्यात सगळे फुंकतात. फुंकायचं नसतं, हळूहळू ओढायचं असतं. आईला "नळीनं ताक ओढतेस तसं" म्हटल्यावर जमलं. जागी असेल तेव्हा तासातासानं दहादा. पाणीसुद्धा उशाकडची बाजू उंच करून, नीट बसवूनच पाजा, आणि जेवणानंतर अर्धा तास तशीच बसू द्या. कवळी रोज घासा, रात्री काढून ठेवा. तोंडातले जंतूच खाली छातीत उतरतात.

डॉक्टरांनी परवानगी दिली की ऑपरेशनच्या दुसऱ्याच दिवशी वॉकर धरून उभं करतात. "बिचारीला दुखतंय, झोपू दे" म्हणणारे पाहुणे भेटतील; त्यांना चहाला न्या. अंथरुणात असताना दर दोन तासांनी कूस बदला, माकडहाड आणि टाचा रोज बघा. लाल झालेलं चोळू नका, दाखवा.

जखमेचं सोपं आहे: हात धुवा आणि हात लावू नका. ड्रेसिंग सिस्टर करतील. आमच्या शेजारच्या काकूंनी हळद आणली होती, ती मी आमटीत घातली. पहिले दोन-तीन दिवस पट्टीला डाग पडतो. त्यानंतरही पाझरत राहिलं, किंवा कोरडी झालेली जखम परत ओली झाली, भोवती लाली आणि गरमपणा वाढला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्या घरच्या घरी सुरू करू नका, नंतरच्या तपासणीत जंतू सापडत नाही. मधुमेह असेल तर या दिवसांत साखर नीट सांभाळा, नाहीतर जखम रेंगाळते. डाळ, अंडं, दूध, जे चालत असेल ते थोडंथोडं पण चार वेळा द्या.

टाके साधारण दोन आठवड्यांनी निघतात, रॉड आतच राहतो. काही महिन्यांनीही चालताना जांघेत नव्यानं दुखायला लागलं किंवा जुन्या व्रणातून पाणी आलं, तर फिजिओला मालिश सांगण्याआधी ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना दाखवा. त्यांचा नंबर मी कॅलेंडरवर लिहून ठेवलाय, आईच्या पलंगासमोर.